काकांचा पेंटियम आणि कॅमेऱ्यातलं कार्ड

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘ॲक्च्युअली’ काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा धुळकट आहे. म्हणजे खरोखरच, हा एपिसोड करायच्या आधी मी अर्धा दिवस ब्रश घेऊन एका कॅबिनेटमधली धूळ काढत होतो.

सांगलीला माझ्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, हँडबिलं, एखाददुसरा दिवाळी अंक. आता सगळं काम नव्या मशीनवर चालतं, पण कोपऱ्यात १९९७ चा एक पेंटियम १३३ अजून ठेवलेला आहे. विंडोज ९५, ३२ एमबी रॅम आणि २.१ जीबीची हार्ड डिस्क. मागच्या पॅरलल पोर्टला एक डबी लावलेली. ते तेव्हाच्या मराठी टाइपसेटिंग सॉफ्टवेअरचं लॉक. ती डबी नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही.

मे महिन्यात काकांचा फोन आला. “अरे, ते जुनं मशीन टक-टक आवाज करायलंय. आणि चालू व्हायला चार-चार वेळा बटण दाबायला लागतंय. बघतोस काय येऊन?”

मी म्हटलं, “काका, भंगारात द्या की आता.”

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यात बाईंचं पुस्तक आहे.

बाई म्हणजे जवळच्या गावातल्या निवृत्त शिक्षिका. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, आणि १९९९ मध्ये काकांनी ते पुस्तक लावून दिलं होतं. छापील प्रती आहेत अजून कुणाकुणाकडे. पण बाईंनी नंतर आणखी दोनेकशे ओव्या आणून दिल्या होत्या, दुसऱ्या आवृत्तीसाठी. त्या काकांनी टाइप करून ठेवल्या, आणि दुसरी आवृत्ती राहूनच गेली. मूळ वह्या बाईंच्या घरी होत्या. २०१९ च्या पुरात त्या गेल्या. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतल्या बहुतेक आता नाहीत.

म्हणजे त्या दोनशे ओव्या जगात फक्त एका ठिकाणी होत्या, टक-टक आवाज करणाऱ्या त्या डिस्कवर.

आता तुम्ही म्हणाल, फाइल कॉपी करून घे पेन ड्राइव्हवर, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनं डीटीपीचं काम झालंय त्यांना माहीत असेल, त्या काळी या कामात युनिकोड वापरात नव्हतं. मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. फाइलमध्ये आत ‘एस’ लिहिलेलं असतं, आणि त्या विशिष्ट फाँटमध्ये ते ‘क’चा एक तुकडा म्हणून दिसतं. फाँट नसेल तर पान म्हणजे नुसता कचरा. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरांत हमखास घोळ घालतात, आणि ओवीत तर बोलीतले शब्द. चुकलंय की मुळातच तसं आहे हे कळायचं कसं? शिवाय पेजमेकरमध्ये लावलेली पानं. त्यामुळे नुसती फाइल वाचवून भागत नव्हतं. ती फाइल, तो फाँट, ते सॉफ्टवेअर, ती लॉकची डबी, हा सगळा संसार एकत्र चालू राहायला हवा होता. डिस्क तेवढी बदलायची, बाकी काही हलवायचं नाही.

त्या मशीनला तेव्हाच्यासारखी डिस्क आता नवीन मिळत नाही. ४० पिनांची आयडीई केबल असलेल्या हार्ड डिस्क बनणं कधीच थांबलंय. जुन्या बाजारात मिळतात, पण त्याही तितक्याच म्हाताऱ्या. एक पेशंट उचलून दुसऱ्या पेशंटच्या खाटेवर ठेवण्यासारखं ते.

पण एक गोष्ट आहे जी आत्ताही मिळते आणि या केबलची भाषा जन्मापासून बोलते. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात असायचं ते जाडसर, चौकोनी कार्ड. सॅनडिस्कने ते १९९४ मध्ये आणलं, आणि ते बनवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला: त्याच्या आत हार्ड डिस्कचाच प्रोटोकॉल ठेवला. कार्डाला ५० पिना असतात. त्यांतली एक विशिष्ट पिन चालू होताना ग्राउंडला जोडलेली असली की कार्ड ‘ट्रू आयडीई’ मोडमध्ये जातं, आणि तिथून पुढे ते सरळ हार्ड डिस्कसारखंच वागतं. त्यामुळे कार्ड आणि केबल यांच्यामध्ये जे ॲडॉप्टर लागतं त्यात चिप वगैरे काही नसते, नुसत्या तारा इकडून तिकडे नेलेल्या. ते दोन-तीनशे रुपयांत मिळतं.

एसडी कार्ड वापरता येत नाही का? येतं. पण एसडीची भाषा वेगळी, म्हणून ॲडॉप्टरवर भाषांतर करणारी चिप लागते, आणि ती चिप चांगली निघेल की वाईट हे नशिबावर. साटा एसएसडीही लागते, तिलाही अशीच भाषांतराची पट्टी लावून. पण एसएसडीचा ५०० एमबी प्रति सेकंद वेग इथे काही कामाचा नाही. त्या काळच्या पीआयओ मोड ४ ची कमाल मर्यादाच १६.६ एमबी प्रति सेकंद. बोळात बुलेट चालवण्यासारखं आहे ते. फायदा वेगाचा नसतोच, तो असतो शोधण्याच्या वेळेचा. जुन्या डिस्कचं डोकं योग्य जागी पोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद घ्यायचं. कार्डात हलणारं काही नाहीच, त्यामुळे तो वेळ जवळजवळ शून्य. विंडोज ९५ शेकडो छोट्या फाइल्स उघडत सुरू होतं, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो.

कार्ड मिळालं कुठे? आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे. त्याच्या ड्रॉवरमध्ये अशी कार्डं पडून होती, कॅमेरा बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली. त्याने ४ जीबीचं एक काढून दिलं, आणि पैसे घेतले नाहीत. तुम्हाला हवं असेल तर आधी ओळखीत विचारा. ऑनलाइन स्वस्तात जी मिळतात त्यांत नकली बरीच असतात, ३२ जीबी लिहिलेलं आणि आत ४ जीबी. घेतलंच तर पूर्ण भरून, परत वाचून बघा. एफ-३ नावाचं मोफत टूल आहे, ते हेच काम करतं.

आता मुख्य काम. आधी एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती करताना माझा हात थरथरत होता. डिस्क आवाज करायला लागली की ती चालू करून ‘बघत’ बसू नका. स्कॅनडिस्क चालवू नका. ती डिस्क किती मिनिटं जगणार हे माहीत नसतं, आणि जेवढी मिनिटं आहेत तेवढी सगळी फक्त वाचण्यासाठी वापरायची.

मी डिस्क काढली, यूएसबी-आयडीई कन्व्हर्टरने लॅपटॉपला लावली आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवलं. हे टूल हुशार आहे. जिथे वाचता येत नाही तिथे अडून बसत नाही, पुढे जातं, सोपं सगळं आधी उचलतं आणि मग अवघड जागी परत येतं. कुठपर्यंत झालं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, म्हणजे मध्येच डिस्क रुसली तरी पुन्हा तिथूनच सुरुवात. (एक लक्षात ठेवा. साधारण ५०० एमबीच्या आतल्या, १९९५ च्या आधीच्या बऱ्याच डिस्क यूएसबी कन्व्हर्टरला दिसतच नाहीत, कारण त्यांना जुनी पत्ता-पद्धत तेवढीच समजते. त्यांच्यासाठी आयडीई पोर्ट असलेलं एखादं खरं जुनं मशीनच लागतं.)

२.१ जीबी. ऑफिसात आम्ही टेराबाइट्सचे बॅकअप क्लाउडवर हलवतो आणि चहाला जातो. इथे २.१ जीबीसाठी मी रात्री दीडपर्यंत स्टुलावर बसून होतो, आणि शेजारी काकू डिस्कवर टेबलफॅन धरून. ३८ सेक्टर सोडून सगळं आलं. त्यातले बरेचसे विंडोजच्या स्वॅप फाइलमध्ये निघाले, म्हणजे कचऱ्यात. बाकीचे एका जुन्या लग्नपत्रिकेत. ते नवरा-नवरी मला माफ करतील अशी आशा आहे.

दुसऱ्या दिवशी ती इमेज जशीच्या तशी कार्डावर लिहिली. कार्ड ॲडॉप्टरमध्ये, ॲडॉप्टर केबलला, केबलची लाल कड पहिल्या पिनकडे, जंपर ‘मास्टर’वर. बटण दाबलं. ‘स्टार्टिंग विंडोज ९५’ अशी ओळ आली आणि मशीन तिथेच थांबलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही.

याच्यामागचं कारण मला बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. पाच मार्कांची टीप होती, मी ती ऑप्शनला टाकली होती.

जुन्या काळी डिस्कवरचा पत्ता तीन आकड्यांत सांगायचे: सिलिंडर, हेड, सेक्टर. शहर, गल्ली, घर नंबर असं समजा. आता गंमत अशी की हा पत्ता दोन वेगवेगळ्या फॉर्मवर भरावा लागायचा. एक बायोसचा, एक डिस्कचा. बायोसच्या फॉर्मवर सिलिंडरसाठी १०२४ पर्यंतची जागा, हेडसाठी २५६, सेक्टरसाठी ६३. डिस्कच्या फॉर्मवर सिलिंडरसाठी ६५,५३६, पण हेडसाठी फक्त १६. दोन्ही फॉर्मवर मावेल असाच पत्ता चालणार. म्हणजे १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स. गुणाकार करा: ५२,८४,८२,३०४ बाइट्स. हीच ती ५०४ एमबीची प्रसिद्ध भिंत. ४८६ च्या काळातल्या कित्येक मशीनना त्यापलीकडची डिस्क पूर्ण दिसायचीच नाही. दोन सरकारी फॉर्म एकमेकांशी न बोलता छापले की काय होतं त्याचं उत्तम उदाहरण.

मग बायोसवाल्यांनी तोडगा काढला. सिलिंडर जास्त झाले? निम्मे करा, हेड दुप्पट सांगा. गुणाकार तोच राहतो. काकांच्या डिस्कवर लेबल होतं: ४०९२ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. बायोस ते दोनदा निम्मं करून १०२३ सिलिंडर आणि ६४ हेड असं विंडोजला सांगायचा. आणि हा ‘६४’ आकडा फॉरमॅट करताना डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये लिहिला गेलेला होता.

माझं कार्ड मात्र ४ जीबीचं. ते निम्मं करायला दोनदा पुरत नाही, तीनदा करावं लागतं. म्हणून बायोस म्हणतो, १२८ हेड. कार्डावर लिहिलेलं ६४, बायोस समजतोय १२८. पहिल्या सिलिंडरमधली पहिली ६४ हेड दोन्ही हिशोबांत एकच, म्हणून सुरुवातीचा थोडा भाग बरोबर वाचला जातो, आणि ‘स्टार्टिंग’ची ओळ येते. त्यानंतर मागितलेलं घर एक आणि उघडलेलं दार दुसरंच. डेटा शंभर टक्के बरोबर, कार्ड उत्तम, केबल नीट, तरी मशीन चालू होईना ते यामुळे.

हे एकदा समजलं की उपाय सोपा आहे. बायोस सेटअपमध्ये जायचं, ‘ऑटो’ बंद करून ‘यूझर’ टाइप निवडायचा, आणि जुन्या डिस्कच्या लेबलवरचे आकडे हाताने भरायचे. ४०९२, १६, ६३. मोड एलबीए. मशीनला सांगायचं की बाबा, ही तुझी तीच जुनी २.१ जीबीची डिस्क आहे. कार्डाचा उरलेला जवळजवळ अर्धा भाग वापराविना पडून राहतो, राहू दे. फ्लॅश मेमरीला लिहिण्याच्या फेऱ्या मोजक्याच असतात. कार्डातला कंट्रोलर चांगला असेल तर ही मोकळी जागा झीज वाटून घ्यायला उपयोगी पडते.

विंडोज ९५ चे ढग आले. काकांनी मॉनिटरकडे न बघता कॅबिनेटला कान लावला आणि म्हणाले, “बंद पडलंय काय हे? आवाजच नाही.”

(याच्यासाठीही एक खेळणं मिळतं, बरं का. कॅबिनेटवरच्या हार्ड डिस्कच्या दिव्याच्या तारेला लावायचं, आणि दिवा लुकलुकला की ते जुन्या डिस्कसारखं कुरकुरतं. मी हसलो होतो ते बघून. काकांचा चेहरा बघितल्यावर आता हसत नाही.)

संध्याकाळी मी पुण्याची बस पकडली. सकाळी काकांचा फोन: “बंद झालं परत.”

माझ्या पोटात गोळा आला. फोनवर विचारलं, स्क्रीनवर काय दिसतंय? तर ‘स्टार्टिंग विंडोज ९५’. आणि तारीख? म्हणाले, १९९० दाखवलीय मघाशी. तेव्हा कळलं. मदरबोर्डवरचा सेल मेलेला होता. रात्री मेन स्विच बंद झाल्यावर बायोस सगळं विसरला, परत ‘ऑटो’वर गेला आणि कार्डाला १२८ हेड लावून मोकळा झाला. २०३२ नंबरचा तो गोल सेल, घड्याळाच्या दुकानात मिळतो. मी काकांना फोनवर आकडे सांगितले, त्यांनी सेल बदलला, आकडे भरले आणि कॅबिनेटच्या आत स्केच पेनने लिहून ठेवले. तुम्हीही लिहून ठेवा, कागदावर नको, पत्र्यावर. ३८६-४८६ मशीन असेल तर सेलऐवजी मदरबोर्डवर निळी, पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळून बोर्ड खाते. हिरवट डाग दिसला तर आधी ती काढा, डिस्कचं नंतर बघू.

तुम्ही इमेज न लिहिता कोऱ्या कार्डावर नव्याने सुरुवात करत असाल, तर ही हेडची भानगड होत नाही, फक्त पार्टिशन आणि फॉरमॅट त्याच मशीनवर करा, लॅपटॉपवर नको. पण मग दुसरा खड्डा असतो. कॅमेऱ्याच्या कार्डावर कंपनीतून फॉरमॅट केलेलं असतं, पण पहिल्या सेक्टरमधला बूट करणारा छोटा कोड बऱ्याचदा नसतो. डॉस टाकून झालं तरी काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. एफडिस्कला स्लॅश एमबीआर असं देऊन चालवलं की तो कोड लिहिला जातो. शिवाय पार्टिशन ॲक्टिव्ह करायला विसरू नका. आणि जुन्या डॉसची, म्हणजे फॅट-१६ ची मर्यादा एका पार्टिशनला २ जीबी. विंडोज ९८ असेल तर फॅट-३२ मुळे ती अडचण नाही, पण तिथेही १२० जीबीची एसएसडी लावायचा मोह टाळा. एफडिस्कची मूळ आवृत्ती ६४ जीबीच्या वर आकडे चुकीचे दाखवते, आणि तिथवर जायच्या आधीच त्या काळचे कित्येक बायोस ३२ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की गोठतात. ८ किंवा १६ जीबी म्हणजे त्या मशीनसाठी राजवाडा.

विंडोजमध्ये डीएमएचा चौकोन असतो, तो टिक करायच्या आधी विचार करा. स्वस्त ॲडॉप्टरवर डीएमएच्या दोन तारा जोडलेल्याच नसतात. टिक केलं की मशीन लटकतं. आणि रॅम वाढवता आली तर वाढवा, कारण रॅम कमी पडली की विंडोज सतत स्वॅप फाइल लिहीत बसतं, आणि ते लिखाण कार्डाच्या जिवावर उठतं.

काही जण विचारतील, आमच्याकडे त्याहून जुनं मशीन आहे, एक्सटी वगैरे, त्यात आयडीईच नाही. त्यांच्यासाठी एक्सटीआयडीई नावाचा प्रकल्प आहे, एक छोटं कार्ड आणि मोफत बायोस. तेच बायोस ४८६ मध्येही टाकता येतं, आणि मग ५०४ ची भिंत उरत नाही. जुन्या मॅकला स्कझी लागते, त्यांना ब्लूस्कझी. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह हवा असेल तर गोटेक. यातल्या प्रत्येकावर वेगळा एपिसोड होईल, आज नाही.

बाईंच्या पुस्तकाचं सांगतो. पेजमेकरमधून थेट प्रिंट न काढता पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये प्रिंट केली. त्यात फाँट सोबतच येतात. फाइल झाली ४० एमबीची. फ्लॉपीवर न्यायची तर तीस फ्लॉप्या लागल्या असत्या. आम्ही मशीन बंद केलं, कार्ड उपसलं आणि लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घातलं. विंडोज ९५ ची आख्खी डिस्क पेन ड्राइव्हसारखी उघडली. घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ केली. त्याच वेळी कार्डाची इमेज काढून तीन ठिकाणी ठेवली, कारण कार्डही एक दिवस जाणारच आहे, आणि ते डिस्कसारखं आधी आवाज करून सांगणार नाही.

प्रूफ छापून काकांनी बाईंकडे पाठवलं. मागच्या आठवड्यात ते परत आलं, लाल शाईने भरून. पंचवीस वर्षांपूर्वी काकांनी केलेल्या चुका बाईंनी एकूण एक शोधून काढल्यात, आणि दोन ठिकाणी ओवीतला शब्द बदललाय, शेजारी लिहिलंय, “तेव्हा मला नीट ऐकू आलं नव्हतं.” काका सध्या त्याच पेंटियमवर बसून दुरुस्त्या करतायत. अजून चाळीस पानं बाकी आहेत.